विंचवाचे विष आणि बिरवाडीचा वैद्य

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत गिंडी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी या व्याख्यानमालेचे निमंत्रण दिले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. चेन्नईत मराठी माणूस बोलावयास उभा राहिला की तंजावरचे भोसले, सरस्वती महाल ग्रंथालय आणि जिंजीचा किल्ला हे तीन विषय त्याची वाट अडवूनच उभे असतात. तिन्ही विषय थोर आहेत आणि आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी ते या व्यासपीठावरून अनेकदा मांडले आहेत. आम्ही आज विंचवावर बोलणार आहोत. हे ऐकून कार्यवाहांच्या चेहऱ्यावर जी छटा उमटली ती आता आपणांपैकी काहींच्या चेहऱ्यांवरही दिसते आहे. परंतु अर्धा तास आम्हांस सहन करावे, ही विनंती.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. आम्ही विज्ञानाचे पदवीधर नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि टिपण्या लिहिता लिहिता केस पांढरे झाले. रसायनशास्त्र वा वैद्यक यांतील अधिकार आम्ही सांगत नाही. तरीही या विषयाकडे आम्हांस एका नावाने ओढले, आणि ते नाव आपल्या मंडळाप्रमाणेच दोन प्रांतांना जोडणारे आहे.

कोकणात, दख्खनच्या पठारावर आणि या तमिळ भूमीतही जो लहानसा तांबूस विंचू आढळतो, त्याच्या शास्त्रीय नावाचे उत्तरपद 'टॅम्युलस' असे आहे. योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७९८ मध्ये ते दिले. 'टॅम्युलस' हे 'तमिळ' या शब्दाचेच लॅटिन वळण. त्या काळी तंजावरच्या मुलखाला लागून असलेली तरंगंबाडी ही डॅनिश लोकांची वसाहत होती, आणि योगायोग असा की याच १७९८ साली दुसरे सरफोजी महाराज तंजावरच्या गादीवर बसले. म्हणजे तंजावर आम्हांस शेवटी चुकले नाहीच! पुढे शास्त्रज्ञांनी या विंचवाचे कुलनाम दोनतीन वेळा बदलले, पण 'टॅम्युलस' मात्र टिकले. ज्या प्राण्याने कोकणातील शेकडो पोरे नेली त्याचे नाव तमिळ, आणि त्याच्या विषाचे कोडे ज्याने रुग्णाच्या खाटेशेजारी बसून सोडविले तो वैद्य मराठी. त्या वैद्याची, म्हणजे डॉ. हिंमतराव बावस्करांची, कथा आज सांगावयाची आहे.

कथेच्या आधी आमची एक आठवण सांगणे प्राप्त आहे, कारण तिच्यावाचून हा विषय आम्ही घेतलाच नसता. आमचे बालपण कोकणातील एका खेड्यात गेले. १९८० च्या सुमारास, भातकापणीच्या दिवसांत, आमच्या शेजारच्या घरातील मुलाला पेंढ्याच्या उडवीजवळ विंचू चावला. तो आमच्याच वर्गात होता. प्रथम तो मोठ्याने रडला. गावातील विंचू उतरविणारे गृहस्थ आले. त्यांनी मंत्र म्हटला, झाडणी फिरविली, आणि थोड्या वेळाने मुलाने वेदना कमी झाल्याचे सांगितले. विंचू उतरला असे सर्वांनी मानले. मुलाच्या अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या, त्याला दोनदा उलटी झाली होती, आणि हातपाय गार पडले होते. त्याच्या आईने त्याला गोधडीत गुंडाळले. उजाडता उजाडता त्याला श्वास घेता येईना आणि तोंडाशी गुलाबी फेस आला. वाहनाची सोय होईपर्यंत सारे आटोपले होते. गावच्या नोंदीत 'विंचूदंश' हा एक शब्द चढला आणि प्रकरण बंद झाले.

त्या रात्रीचा घाम, उलटी आणि गार पडलेले हातपाय आम्ही सर्वांनी पाहिले होते. त्यांचा अर्थ कोणासही वाचता आला नाही. हा अर्थ कसा लागला, हेच आजच्या भाषणाचे सूत्र होय.

यासाठी आपल्या शरीरातील निरोपांची व्यवस्था थोडी समजून घ्यावी लागेल. मज्जातंतू तारायंत्राच्या तारेसारखा निरोप वाहून नेतो, हे आपण शाळेत शिकलो. परंतु ही तार स्नायूला, हृदयाला वा दुसऱ्या तंतूला थेट जोडलेली नसते. मध्ये एक अत्यंत सूक्ष्म फट असते. ती ओलांडावयाची कशी? ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये एक साधा प्रयोग केला. बेडकाच्या हृदयाची गती मंदावणारा मज्जातंतू त्यांनी उत्तेजित केला आणि त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या बेडकाच्या हृदयास दिला. दुसऱ्या हृदयाचा तंतू कोणी छेडलेलाच नव्हता. तरी तेही मंदावले. म्हणजे निरोप नेणारे काही रसायन त्या द्रवात उतरले होते. या प्रयोगाची कल्पना लोवींना स्वप्नात सुचली होती. पहिल्या रात्री त्यांनी अर्धवट झोपेत ती कागदावर खरडली आणि सकाळी स्वतःचेच अक्षर त्यांना लागले नाही. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले, तेव्हा मात्र ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. सरकारी कचेरीतील टिपण्यांचे अक्षर ज्यांना लावावे लागते, त्यांना या कथेतील मर्म अधिक कळेल.

ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. इंग्लंडमधील हेन्री डेल यांनी त्याचा अभ्यास आधीच केला होता, आणि १९३६ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून देण्यात आले. पुढे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखविले की, शरीराला झुंजीसाठी वा पळण्यासाठी सज्ज करणारे तंतू नॉरॲड्रेनॅलीन नावाचे रसायन वापरतात. या निरोप्या रसायनांना शास्त्रीय भाषेत न्यूरोट्रान्समीटर म्हणतात. निरोप्या आला तरी दार उघडणारा कोणी हवाच. ते काम ज्या ग्राहक रेणूंचे, त्यांचे अल्फा आणि बीटा असे दोन वर्ग अमेरिकेतील रेमंड ॲलक्विस्ट यांनी १९४८ मध्ये पाडले. नॉरॲड्रेनॅलीनने अल्फा दारावर थाप मारली की रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो.

आता विंचवाकडे वळू. मज्जातंतूतून निरोप जातो तो सोडियमच्या कणांना आत घेणाऱ्या सूक्ष्म झडपा क्षणभर उघडून लगेच मिटल्यामुळे. लाल विंचवाच्या विषातील काही प्रथिने या झडपांना धड मिटूच देत नाहीत. परिणामी तंतू एकच निरोप पुनःपुन्हा पाठवीत राहतो आणि निरोप्या रसायनांचे कोठार फुटावे तसे होते. आरंभी ॲसिटिलकोलीनचा पूर येतो: घाम, उलट्या, लाळ. त्याच्यामागून ॲड्रेनॅलीन आणि नॉरॲड्रेनॅलीन यांचे वादळ येते. सर्वांगातील रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब चढतो, आणि त्या आवळलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकून जाते. मग फुप्फुसांत पाणी साचते. तोंडाशी येणारा गुलाबी फेस तो हाच. विंचवाचे विष मुलाला मारते ते मुलाच्याच शरीरातील रसायनांच्या हातून.

हे ज्ञान एकत्र जुळले नव्हते त्या काळातला हा वैद्य. डॉ. बावस्करांचा जन्म १९५१ चा, जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातल्या देहेड या खेड्यातला. घरची गरिबी. मोलमजुरी करीत शिक्षण झाले, वैद्यकीची पदवी नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात मिळाली. 'बॅरिस्टरचं कार्टं' हे त्यांचे आत्मचरित्र आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. १९७६ मध्ये ते महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. आज महाड रायगड जिल्ह्यात आहे. त्या वेळी त्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. सह्याद्रीच्या पायथ्याचा, डोंगर आणि भातखाचरांचा हा मुलूख. विंचू चावलेली माणसे, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत दगावत. त्या काळच्या अनुभवानुसार, विष अंगात भिनून गंभीर झालेल्या रुग्णांपैकी शेकडा ३० ते ४० जण दगावत.

उपचार नव्हते असे नाही. उलट ते फार होते. ॲट्रोपीन देत, स्टेरॉइड देत. मनोरुग्णांना दिले जाणारे क्लोरप्रोमाझिन, वेदनाशामक पेथिडिन आणि प्रोमेथाझिन यांचे मिश्रणही टोचले जाई. मज्जासंस्था खवळली आहे तर तिला झोपवावे, असा त्यामागचा तर्क. पण झोपलेला रुग्ण आणि शांत झालेला रुग्ण यांत फरक असतो. श्वासाची धडपड करणाऱ्या मुलाला गुंगी आणली म्हणजे धडपड दिसेनाशी होते. फुप्फुसांतले पाणी होते तेथेच राहते.

बिरवाडीत ना प्रयोगशाळा होती, ना तज्ज्ञांचा ताफा. तेथे एक गोष्ट मात्र विपुल होती, ती म्हणजे रुग्ण. बावस्करांनी त्यांच्या उशाशी बसून पाहण्यास आणि पाहिलेले लिहून ठेवण्यास आरंभ केला. दंश किती वाजता झाला, उलटी केव्हा झाली, घाम केव्हा सुटला, नाडी किती, रक्तदाब किती, हात कोठपर्यंत गार आहे. पुरुष रुग्णांत व लहान मुलग्यांत जननेंद्रियाला येणारा ताठरपणा हेही एक लक्षण होते. घरची माणसे संकोचाने ते सांगत नसत. या वैद्याने ते संकोच न करता विचारले आणि नोंदले. १९८२ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा निबंध आला. उलट्या, भरपूर घाम, गार हातपाय आणि हा ताठरपणा ही लक्षणे म्हणजे पुढे हृदय धोक्यात येणार याची आगाऊ सूचना होय, असे त्यात दाखविले होते.

यातच मांत्रिकाच्या यशाचेही उत्तर आहे. ज्या रुग्णाला केवळ असह्य कळा असतात, पण घाम-उलटी नसते, तो बहुधा आपोआप बरा होतो. श्रेय मंत्राला मिळते. ज्याच्या अंगात विष भिनते त्याच्या दंशाच्या जागी कळा कित्येकदा कमी असतात. कळ कमी झाली की लोक निश्चिंत होतात, आणि ज्या वेळी धावावयाचे त्या वेळी गोधडी पांघरतात. आमच्या शेजारच्या मुलाचे हेच झाले. तो गेल्यानंतर अवघ्या दोनएक वर्षांनी त्याच्या घामाचा अर्थ छापून आला. त्याच्या आईला तो कधी कोणी सांगितला नाही. सांगून तरी काय, हा प्रश्न आम्ही स्वतःस अनेकदा विचारला आहे.

निदान झाले, औषध राहिले. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेऊन बावस्कर पुन्हा कोकणातच परतले, हे या कथेतील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे असे आम्ही मानतो. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध त्यांनी फुप्फुसांत पाणी झालेल्या रुग्णांस देऊन पाहिले, आणि बुडणारी माणसे वर आली. परंतु ते थेंबाथेंबाने शिरेतून द्यावे लागते आणि क्षणोक्षणी रक्तदाब पाहावा लागतो. खेड्यातील केंद्राला हे झेपणारे नव्हते. तेव्हा त्यांचे लक्ष प्राझोसिनकडे गेले. रक्तदाब उतरविण्यासाठी १९७० च्या दशकात प्रचारात आलेली ही साधी गोळी. ॲलक्विस्टने ज्यास अल्फा दार म्हटले होते, नेमके तेच दार ती अडविते. नॉरॲड्रेनॅलीन थाप मारीत राहते, पण दार उघडत नाही. रक्तवाहिन्या सैल होतात, हृदयावरचा बोजा उतरतो. ठरावीक अंतराने गोळी देत राहावयाचे, आणि बरे होण्याची खूण कोणती? रुग्णाचे हातपाय ऊबदार होणे. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. परिचारिकेचा तळहात पुरतो.

१९८६ मध्ये हा उपचार 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झाला. लेखकांत त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचेही नाव होते. महाडच्या त्यांच्या रुग्णालयातील कामात त्यांचा बरोबरीचा वाटा आहे. प्राझोसिनचा वापर रूढ झाल्यावर, वेळीच पोहोचलेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा १ च्या आसपास उतरले. पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेतील बालरोगतज्ज्ञांनीही आपल्या बालरुग्णांसाठी हा मार्ग स्वीकारला. महाडची गोळी अशा रीतीने तमिळ मुलांपर्यंत आली.

येथेच थांबणे त्यांना सहज शक्य होते. आपल्या नावावर जमा झालेल्या उपचाराला धक्का लागू नये असे कोणास वाटत नाही? पुढे मुंबईच्या हाफकिन जैव-औषध महामंडळाचे विंचवाचे प्रतिविष उपलब्ध झाले, तेव्हा या दांपत्याने स्वतःच्याच गोळीची परीक्षा घेतली. सत्तर रुग्णांचे चिठ्ठीपद्धतीने दोन गट केले. ३५ जणांना केवळ प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांच्या अखेरीस पहिल्या गटातील ८ जण पूर्ण सावरले होते, दुसऱ्यातील ३२. केवळ गोळीपेक्षा गोळी आणि प्रतिविष मिळून रुग्ण लवकर बरा होतो, हा निष्कर्ष त्यांनी २०११ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये स्वतःच्या नावाने छापला. शास्त्रीय वृत्ती म्हणतात ती ही. २०२२ मध्ये भारत सरकारने डॉ. बावस्करांस पद्मश्री दिली.

आता आपण जेथे बसलो आहोत त्या गिंडीकडे येऊ. आमचे कार्यालय याच भागात आहे. येथे फेरफटका मारताना आम्हांस नेहमी वाटते की, विषाच्या विद्येचे एक मोठे पीठच या झाडीत दडलेले आहे. किंग इन्स्टिट्यूट ही संस्था १८९९ ची, आणि मुंबईची हाफकिन संस्था प्लेगच्या प्रयोगशाळेच्या रूपाने सुरू झाली तीही १८९९ मध्येच. एक मद्रास इलाख्यातील, दुसरी मुंबई इलाख्यातील. लशींच्या कामात दोघी एकमेकींच्या बहिणी. हरणांच्या उद्यानाला लागून १९७२ पासून सर्पोद्यान आहे. ते रोम्युलस व्हिटेकर यांनी उभारले. त्यांच्याच प्रयत्नाने १९७८ मध्ये इरुळ जमातीच्या सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था महाबलीपुरमच्या वाटेवर वडनेम्मेली येथे निघाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सापाच्या कातडीचा धंदा बंद पडला आणि इरुळांचे पोट मारले गेले. ज्या कौशल्याने ते साप पकडून मारीत, त्याच कौशल्याने आता ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे पकडून त्यांचे विष काढतात व सापांना पुन्हा रानात सोडतात. प्रतिविष करणाऱ्या भारतातील कारखान्यांना हेच विष पुरते. कोकणात वा मराठवाड्यात सर्पदंशाच्या रुग्णाला जी कुपी टोचतात, तिच्या मुळाशी पुष्कळदा या तमिळ आदिवासींचे हात असतात. वडिवेल गोपाळ आणि मासी सडैयन या दोघा इरुळांस २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हांस स्वतःचाच सत्कार झाल्यासारखे वाटले.

मात्र येथेही एक अडचण आहे आणि ती झाकू नये. एकाच जातीच्या सापाचे विष प्रांतागणिक बदलते. तमिळनाडूच्या सापांच्या विषावर केलेले प्रतिविष इतर काही प्रांतांतील दंशावर तितके प्रभावी ठरत नाही, असे अलीकडच्या अभ्यासांत दिसून आले आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे मरतात. ही माणसे बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. नाग आणि मण्यार यांचे विषही निरोपांच्या त्या फटीवरच घाव घालते, पण विंचवाच्या उलट्या रीतीने. विंचू निरोपांचा पूर आणतो. नाग स्नायूच्या दारावर जाऊन बसतो आणि ॲसिटिलकोलीनला आतच येऊ देत नाही. मग पापण्या मिटतात, मान टाकली जाते, श्वास थांबतो.

गंमत अशी की, याच विषांनी विज्ञानाला दृष्टी दिली. तैवानमधील चँग आणि ली या शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये पट्टेरी मण्यारीच्या विषातून एक द्रव्य वेगळे केले. ते ॲसिटिलकोलीनच्या दाराला इतके घट्ट चिकटते की, त्याच्या आधारे ते दार शोधून वेगळे काढता आले. आपल्या लाल विंचवाच्या विषातूनही १९९० मध्ये आयबेरिओटॉक्सिन मिळाले आणि आज जगभरच्या प्रयोगशाळा पोटॅशियमच्या झडपांचा अभ्यास करण्यासाठी ते वापरतात.

हीच निरोप्या रसायने मेंदूत मनाचा कारभार पाहतात. याचाही एक धागा मुंबईत आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांस जुनीच माहीत होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील तिचा परिणाम काळजीपूर्वक नोंदून १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपीन वेगळे झाले. ते क्षुब्ध मनोरुग्णांना शांत करी, परंतु काही रुग्ण त्यामुळे खोल विषण्णतेत गेल्याचेही दिसले. शोध घेता कळले की, रेसरपीन मेंदूतील सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलीन आणि डोपामिन यांची कोठारे रिकामी करते. आपले सुख, दुःख, भीती यांचा या रसायनांशी काही संबंध आहे, ही आधुनिक मनोविकारशास्त्रातील मोठी कल्पना पुढे येण्यास या निरीक्षणाचे फार साहाय्य झाले. विंचवाच्या दंशात जे कोठार फुटते, तेच सर्पगंधेच्या अतिरेकाने रिते होते. फुटणे आणि रिते होणे या दोहोंमध्ये जो तोल, त्याला आपण स्वास्थ्य म्हणतो. संत एकनाथांनी विंचवावरील आपल्या भारुडात काम-क्रोधाला विंचू कल्पिले आणि त्याच्या दंशाने अंगाला सुटलेल्या घामाचा उल्लेख केला. संतांनी मनाचे रूपक म्हणून जो घाम सांगितला, त्यालाच चारशे वर्षांनी एका वैद्याने निदानाचे पहिले लक्षण म्हणून नोंदविले.

या साऱ्यातून आम्ही काय घ्यावे? लोवींचा प्रयोग १९२१ चा, नॉरॲड्रेनॅलीनची ओळख १९४६ ची, अल्फा दार १९४८ चे, गोळी १९७० च्या दशकातली. ज्ञान ग्रंथालयात होते, औषध दुकानाच्या फळीवर होते, आणि मूल गोधडीत मरत होते. या तिहींची गाठ घालण्यास मोठी प्रयोगशाळा लागली नाही. समोर जे दिसते ते कंटाळा न करता, काही न लपविता लिहून ठेवणारा एक माणूस लागला. आम्हां सरकारी नोकरांची नोंद बहुधा प्रकरण बंद करण्यासाठी असते. 'विंचूदंश' हा शब्द लिहिणाऱ्या त्या कारकुनाचा आम्हांस राग येत नाही, कारण तशा शेकडो नोंदींवर आम्हीही सही केली आहे. बिरवाडीची नोंद प्रकरण उघडण्यासाठी होती, एवढाच तो फरक. आणि त्या फरकावर किती मुले जगली, हे आपण ऐकलेच.

शेवटी थोडे व्यवहाराचे. आपल्यापैकी पुष्कळ जण सुटीत गावी जातात. पायताण झटकून घाला, पेंढा आणि लाकूडफाटा उचलताना हात जपा, रात्री बत्तीवाचून बाहेर पडू नका. मोठा काळा विंचू दिसावयास भयंकर, पण अधिक घातक हा लहान तांबडाच. विंचू चावल्यावर घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर कळा कमी झाल्याच्या आनंदात राहू नका. त्याच क्षणी डॉक्टरांकडे निघा. औषध द्यावयाचे काम त्यांचे. वेळ न दवडण्याचे काम आपले.

आमच्या वर्गातील त्या मुलाची जागा पुढे वर्षभर रिकामीच राहिली होती, कारण तेथे बसावयास कोणी तयार होईना. आज या सभागृहात बसलेल्या मुलांपैकी एकाने जरी घरी जाऊन आपल्या आजीला घामाचा अर्थ सांगितला, तरी आमचे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.